सातशे घोड्यांची मोट

"मोठं इंजिन बसवलं की गाडी वेगवान झालीच ना?" गाड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा लगेच पुढे म्हणतो, की अमेरिकेत लोक जुन्या गाडीत सातशे हॉर्सपॉवरचं इंजिन टाकतात, पैसा असला की झालं. इंजिन पैशाने येतं, हे खरंच आहे. अमेरिकेत ते खोक्यात बांधून घरपोच मिळतं. पण ते बसवल्यावर गाडी वळणात धरून राहिली पाहिजे, ट्रॅकवर वीस मिनिटं जोरात फिरून तापता कामा नये, आणि त्याच संध्याकाळी घरी परतताना सिग्नलला बंद पडता कामा नये. हे पैसे टाकून एका दिवसात मिळत नाही. इंजिन सुरू होतं त्या दिवशी काम संपलं असं बघणाऱ्यांना वाटतं. खरं तर महत्त्वाचं काम त्या दिवशी सुरू होतं.

या प्रकरणात आपण एकच गाडी घेऊ आणि ताकद वाढवल्यावर तिच्यात कुठे कुठे काय बिनसतं ते क्रमाने पाहू. गाडीचे आकडे असे धरू: वजन चालकासह १,६०० किलो, ताकद ७०० हॉर्सपॉवर, चाल मागच्या चाकांना.

१. गाडी कोणती, इंजिन कोणतं

गाडी १९६९ची शेव्हरले कॅमॅरो. फोर्डच्या मस्टँगला उत्तर म्हणून शेव्हरलेने कॅमॅरो आणली. तिची पहिली पिढी १९६७ ते १९६९ अशी तीनच मॉडेल-वर्षं चालली. जुनं रूप ठेवून आतून आजची गाडी करण्याच्या प्रकाराला तिकडे 'प्रो-टूरिंग' म्हणतात आणि त्यात ही कॅमॅरो फार लाडकी आहे. तिच्या पत्र्यापासून दरवाजाच्या रबरापर्यंत जवळपास सगळं आजही नवं बनवून मिळतं. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या प्रदूषणाबाबत कडक राज्यातही १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर-तपासणीतून सूट आहे. इंजिन बदलणाऱ्याच्या दृष्टीने ही सूट फार मोलाची ठरते.

मूळ गाडीची ताकद वाचताना एक सावधगिरी बाळगावी. १९६९च्या झेड/२८ मॉडेलच्या कागदावर २९० हॉर्सपॉवर आहे. पण त्या काळी अमेरिकेत इंजिन बाकावर ठेवून, एअर फिल्टर, अल्टरनेटर, नेहमीचा सायलेन्सर असं सगळं काढून मोजत. गाडीत असतं तसं सगळं लावून मोजायची पद्धत १९७२च्या मॉडेलपासून रूढ झाली. म्हणून जुन्या आणि नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

इंजिन घेऊ जनरल मोटर्सच्या 'एलएस' घराण्यातलं. यातलं पहिलं, एलएस१, १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आलं: ५.७ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ हॉर्सपॉवर. २००८च्या कॉर्व्हेटमधलं एलएस३ हे ६.२ लिटरचं, ४३० हॉर्सपॉवरचं. आठ सिलिंडर असूनही हे इंजिन आटोपशीर आहे, कारण त्याचा एकमेव कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये नसून खाली, ब्लॉकच्या आत आहे. वाल्व उघडायचं काम लांब दांड्या करतात. रचना जुन्या वळणाची, पण त्यामुळे इंजिनाची उंची आणि रुंदी कमी राहते आणि ते जुन्या गाडीच्या बॉनेटखाली बसतं. ४३० वरून ७०० वर जायला आपण त्यावर सुपरचार्जर चढवला आहे असं धरू.

२. टॉर्क आणि हॉर्सपॉवर

इंजिनाचा क्रँक किती जोराने पिळतो, तो टॉर्क. त्याचं माप न्यूटन-मीटर. तो तसा पिळत मिनिटाला किती फेरे मारतो, ते आरपीएम. दोन्हींचा गुणाकार म्हणजे ताकद. हिशेब सोपा आहे: टॉर्कला आरपीएमने गुणा, ९,५४९ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. आपलं इंजिन ६,४०० आरपीएमला ७७९ न्यूटन-मीटर देत असेल, तर ५२२ किलोवॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा ५२२ किलोवॅट म्हणजे ७०० हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकची ताकद ८०-९०च्या घरात असते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. ७०० हा आकडा फक्त त्या एका आरपीएमचा आहे, तोही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. रस्त्यावर गाडी जवळजवळ सगळा वेळ त्यापासून लांब, दीड ते तीन हजार आरपीएममध्ये असते.

३. हवा, पेट्रोल आणि नॉकिंग

इंजिनाला ताकद पेट्रोलातून मिळते, आणि पेट्रोल जाळायला हवा लागते. ६.२ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. ६,५०० आरपीएमला हे सेकंदाला सुमारे ३३५ लिटर होतात. ७०० हॉर्सपॉवरसाठी लागते सुमारे ४६० लिटर. ही वरची हवा कोंबण्यासाठी सुपरचार्जर असतो. क्रँकवरूनच पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. टर्बोही हेच करतो, पण तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो.

आता पेट्रोल. इंजिन पेट्रोलातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा क्रँकपर्यंत पोचवतं असं धरलं, तर ५२२ किलोवॅटसाठी सुमारे २,०९० किलोवॅटचं पेट्रोल जाळावं लागेल. एक किलो पेट्रोलात ४४ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे सेकंदाला साडेसत्तेचाळीस ग्रॅम. मिनिटाला जवळजवळ चार लिटर. जुन्या गाडीचा मूळ पंप आणि बोटाएवढी नळी हे पुरवू शकत नाही. टाकीतला पंप, नळ्या, फिल्टर, इंजेक्टर, सगळं बदलतं. यात कुठे कमी पडलं तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं मिश्रण जळतं आणि सिलिंडरमधलं तापमान भलतंच वाढतं.

इथेच नॉकिंग येतं. स्पार्क प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जायला हवी. दाब आणि तापमान फार वाढलं तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप एकदम पेटतं. बाहेर टकटक ऐकू येते. आत पिस्टनवर हातोडे पडत असतात. ट्रॅकवरच्या मोठ्या आवाजात ही टकटक कानाला कळतही नाही, म्हणून ती पकडायला ब्लॉकवर सेन्सर असतो. सुपरचार्जर हवा दाबतो तशी ती तापवतोही. दीडपट दाबलेली, ३० अंशांवरची हवा सहज ९० अंशांच्या आसपास जाते. म्हणून मध्ये ती हवा थंड करणारा इंटरकूलर घालतात. मूळ एलएस३चे ओतीव पिस्टन काढून घडवलेले, म्हणजे फोर्ज्ड पिस्टन घालतात. आणि ठिणगीची वेळ थोडी उशिरा आणतात. पेट्रोलचा ऑक्टेन जितका जास्त, तितकं ते आपोआप पेटायला उशीर लावतं. मात्र कॅलिफोर्नियातल्या पंपावर सहसा ९१ पलीकडचं पेट्रोल मिळत नाही, आणि दुसऱ्या राज्यात ९३वर ट्यून केलेली गाडी तिथे नेली तर ती नॉक करू शकते. (हे आकडे अमेरिकी मोजमापातले, आपल्याकडच्या मापात ते चार-पाचने जास्त दिसतात.)

४. टायरला किती पेलतं

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा हिशेब.

इंजिनाची ताकद रस्त्यावर उतरते ती मागच्या दोन टायरच्या तळव्याएवढ्या तुकड्यांतून. टायर किती ओढू शकेल, हे त्याच्यावर किती वजन आहे आणि रबर किती पकडतं यावर ठरतं. आपल्या गाडीचं ४७ टक्के वजन मागे, म्हणजे ७५२ किलो. जोरात निघताना गाडी मागे बसते आणि आणखी पावणेदोनशे किलो मागे येतं. धरा ९३० किलो. रस्त्यावर चालवायच्या चांगल्या स्पोर्ट्स टायरची पकड साधारण त्याच्यावरच्या वजनाइतकीच. म्हणजे मागची दोन चाकं मिळून ९३० किलोच्या जोराने, सुमारे ९,१०० न्यूटनने गाडी ढकलू शकतात. त्याहून जास्त दिलं की चाकं जागच्या जागी फिरतात आणि धूर निघतो.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये थोडी ताकद खर्च होऊन चाकांपर्यंत ४४४ किलोवॅट पोचतात असं धरू. ताकद म्हणजे जोर गुणिले वेग. ४,४४,००० ला ९,१०० ने भागलं की वेग निघतो सेकंदाला जवळजवळ ४९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७५ किलोमीटर.

याचा अर्थ नीट समजून घ्या. ताशी १७५ किलोमीटरच्या खाली या गाडीला ७०० हॉर्सपॉवर पूर्ण वापरताच येत नाहीत. टायरला ते पेलत नाहीत. शहरात, घाटात, ट्रॅकच्या जवळजवळ प्रत्येक वळणातून बाहेर पडताना हे इंजिन टायरच्या कुवतीपेक्षा जास्तच देऊ शकतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की पहिलं वर्ष एलएस३ आहे तसं, ४३० हॉर्सपॉवरवर वापरावं आणि सुपरचार्जरचे पैसे टायर, सस्पेन्शन आणि ब्रेकवर घालावेत. लॅपचा वेळ त्याने जास्त कमी होतो.

टायर रुंद करायला जागाही करावी लागते. १९६९मध्ये कॅमॅरोचे टायर आजच्या मानाने किरकोळ होते. आता मागे ३१५ किंवा ३३५ मिलिमीटर रुंदीचे टायर बसवतात. त्यासाठी मागच्या चाकाचा आतला पत्रा कापून आत सरकवावा लागतो. डिफरन्शियलही बदलतं. साधं डिफरन्शियल एक चाक घसरलं की सगळा जोर त्यालाच जाऊ देतं. लिमिटेड-स्लिप प्रकारचं दोन्ही चाकांना कामाला लावतं. त्याचं घर बहुतेक वेळा फोर्डचं नऊ इंची, १९५७पासून चालत आलेलं. शेव्हरलेच्या गाडीत फोर्डचा धुरा घालायला तिथे कोणी कचरत नाही, कारण तो मजबूत आहे आणि त्याचे गिअर पुढून काढता येतात. गिअरबॉक्स म्हणून ट्रेमेकचा सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम लोकप्रिय आहे. तो सुमारे ९५० न्यूटन-मीटर पेलतो, म्हणजे आपल्या ७७९ला पुरून उरतो.

५. ब्रेक इंजिनापेक्षा जास्त राबतात

सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी २२०वर आहे आणि वळण ८०ने घ्यायचं आहे. १,६०० किलोची गाडी इतकी हळू करायची म्हणजे सुमारे २६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. आठ लिटर थंड पाणी उकळीला यावं एवढी ही उष्णता. चांगल्या टायरवर हे काम साडेचार सेकंदांत होतं. भागाकार केला तर ब्रेकची ताकद ५८० किलोवॅटच्या आसपास निघते. इंजिनाची होती ५२२.

यातला ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर पडतो. पुढची डिस्क प्रत्येकी दहा किलोची असेल, तर अशा एका ब्रेकला तिचं तापमान सुमारे १८० अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत ती थोडी निवते, पुन्हा चढते. काही लॅपनंतर डिस्क पाचशे-सहाशे अंशांवर असते आणि ती उष्णता पॅडमधून, ब्रेकच्या पिस्टनमधून ब्रेक ऑइलकडे जाऊ लागते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषून जुनं झालेलं १५५ अंशांवरही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. चालक नेहमीच्या खुणेवर पाय ठेवतो, पेडल अर्ध्यापर्यंत जातं, काही होत नाही. पुन्हा पटकन दोनदा मारतो तेव्हा कुठे थोडं घट्ट लागतं, आणि तोवर खूण मागे पडलेली असते. हे फक्त एकदा घडलं तरी माणसाने तसंच पुन्हा ट्रॅकवर जाऊ नये. पिटमध्ये येऊन ऑइल बदलून, चारही चाकांची एअर काढून, मगच पुढचं बघावं.

उपाय माहीत असलेलेच आहेत: मोठ्या डिस्क, तीनशे अंशांच्या वर उकळणारं रेसिंग ऑइल, पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवा नेणारे पाइप. अडचण पॅडची. ट्रॅकचे पॅड गरम असताना अप्रतिम धरतात, पण सकाळी दूध आणायला निघालात तर थंडपणी नीट धरत नाहीत आणि किंचाळतात. म्हणून शहाणी माणसं पॅडचे दोन संच ठेवतात आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदलतात. मूळ कॅमॅरोच्या साध्या मॉडेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ते ठेवून इंजिन वाढवणं मला सरळ धोक्याचं वाटतं.

६. चेंबरमधलं ऑइल

इंजिनाखालच्या चेंबरमध्ये ऑइल साठलेलं असतं आणि पंपाची नळी त्यात बुडालेली असते. घाटातल्या वळणावर एसटीत ताकाचं भांडं मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाची जी धडपड, तीच या चेंबरची. गाडी जोरात वळली की ऑइल एका बाजूला चढतं. गाडीवरचा बाजूचा जोर तिच्या वजनाएवढा झाला, म्हणजे एक 'जी' झाला, की ऑइलचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांनी कलतो. रुंद टायरची आपली गाडी हा जोर सहज गाठते. मग नळीचं तोंड ऑइलबाहेर येतं आणि पंप हवा ओढतो.

बेअरिंग आणि क्रँक यांच्यात ऑइलचा केसाहून पातळ थर असतो. दाब गेला की तो थर जातो आणि धातूवर धातू घासतो. एका लांब वळणात तीन-चार सेकंद दाब पडत राहिला, आणि असं लॅपमागून लॅप झालं, की बेअरिंग संपतं. हे कळतं उशिरा, ऑइल बदलताना फिल्टर कापून पाहिल्यावर. घड्यांमध्ये सोनेरी-चंदेरी चमचम दिसते, ती बेअरिंगची असते.

पहिला उपाय म्हणजे चेंबरमध्ये पडदे घालणं, एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपांचे, म्हणजे ऑइल नळीकडे येतं पण परत जात नाही. दुसरा, दाबाखाली ऑइल साठवून ठेवणारी वेगळी टाकी, जी दाब पडला की लगेच आपलं ऑइल सोडते. तिसरा आणि पक्का उपाय ड्राय सम्प: चेंबर जवळजवळ कोरडं ठेवायचं, वेगळे पंप लावून ऑइल उंच टाकीत न्यायचं आणि तिथून इंजिनाला द्यायचं. २००६च्या कॉर्व्हेट झेड०६मधलं सात लिटरचं एलएस७ इंजिन कारखान्यातूनच ड्राय सम्प घेऊन आलं, ते याच कारणासाठी.

पेट्रोलच्या टाकीतही हेच होतं. टाकी पाव भरलेली असताना डाव्या लांब वळणात इंजिन खोकलं, तर वायरिंग उसकण्याआधी टाकीकडे बघा.

७. उष्णता बाहेर कशी काढायची

तिसऱ्या भागातला हिशेब आठवा. २,०९० किलोवॅटमधून ५२२ क्रँकवर आले. उरलेले १,५६८ किलोवॅट उष्णता झाले. बरीचशी सायलेन्सरमधून जाते. राहिलेली कूलंट आणि ऑइलमध्ये उतरते. रेडिएटर मोठा केला तरी गाडी तापतेच, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष रेडिएटरचा नसून हवेच्या वाटेचा असतो. हवेला सोपी वाट मिळाली तर ती रेडिएटरमधून न जाता त्याच्या कडेने, वरून, खालून निसटते. जाळीपासून रेडिएटरपर्यंतच्या फटी पत्र्याने आणि फोमने बंद केल्या, आणि तापलेली हवा बॉनेटमधून वर जायला झरोके दिले, की खूप फरक पडतो. इंजिन ऑइलला वेगळा कूलर हवाच. ते १२०-१३० अंशांवर चाललं तर ठीक, १४०च्या वर गेलं तर गाडी बाहेर काढावी.

रस्त्यावरचा प्रश्न याच्या उलट. तिथे ताकद कमी लागते, पण गाडी उभी असते आणि हवा येतच नाही. तिथे विजेचे पंखे आणि त्यांना पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर लागतो.

८. सांगाडा आणि चाकांचा कल

कॅमॅरोच्या पुढच्या भागाला स्वतंत्र चौकट आहे आणि ती रबरी बुशांवर बाकीच्या बॉडीला बोल्टने जोडलेली. मागे धुरा पाट्यांवर. जोर वाढला की बॉडी पिळते, आणि बॉडीच पिळत असेल तर सस्पेन्शनची कुठलीही सेटिंग टिकत नाही. म्हणून आधी पुढची चौकट आणि मागचा भाग लोखंडी नळ्यांनी जोडतात. मग पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि धुऱ्याला नीट धरणाऱ्या दांड्या लावतात.

पुढच्या सस्पेन्शनची मूळ खोड अशी, की वळणात गाडी कलली की बाहेरचं चाकही बाहेरच्या बाजूला कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. रेसर डिक गुल्डस्ट्रँडच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी दुरुस्ती आहे: वरच्या आर्मची भोकं खाली सरकवून पाडायची. त्यामुळे वळणात चाकाचा कल उलट, आतल्या बाजूला होतो आणि पूर्ण टायर रस्त्यावर बसतो. खर्च जवळजवळ नाही, फरक मोठा. मला असे उपाय फार आवडतात, कारण त्यात आधी विचार झालेला असतो.

नंतर चार वजनकाट्यांवर चार चाकं, चालक आत बसलेला. समजा पुढे डावीकडे ४४०, उजवीकडे ४०८. मागे डावीकडे ३६२, उजवीकडे ३९० किलो. एकूण १,६००. आता तिरप्या जोड्या पाहा: पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ७७०, दुसरी जोडी ८३०. ही गाडी डावीकडे वळताना मागून सुटेल आणि उजवीकडे वळताना पुढून सरळ सरकेल. स्प्रिंगखालची आटेवाली रिंग फिरवून एखादा कोपरा किंचित उचलला की दोन्ही जोड्या ८००च्या जवळ येतात.

९. गाडीला वळण लावणं

आता गाडी तयार दिसते. सगळं बसलं आहे, रंग झाला आहे. इथून पुढे सर्वांत कमी कौतुक होणारं काम सुरू होतं.

आधी शे-दोनशे किलोमीटर शांतपणे रस्त्यावर. परत आल्यावर गाडी वर घेऊन प्रत्येक बोल्ट पाहायचा. चांगला मेस्त्री बोल्ट पूर्ण आवळल्यावर त्याच्या डोक्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. पाना न लावता, नुसत्या टॉर्चने अर्ध्या तासात अख्खी गाडी तपासून होते. ब्रेकची नळी स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर कुठे घासते, गरम सायलेन्सरपासून वायर किती लांब आहे, हेही त्याच वेळी. जुन्या बॉडीत नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर बसवल्यावर मधूनच बंद पडणं, मिसिंग, खोटे इशारे यांचं मूळ अनेकदा कच्च्या अर्थिंगमध्ये सापडतं: रंगावरच बोल्ट आवळलेला असतो.

ट्यूनिंगचं काम दोन तुकड्यांत होतं. डायनो म्हणजे रोलरवर गाडी ठेवून ताकद मोजायचं यंत्र. त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरचं ट्यूनिंग पटकन होतं आणि ७००चा कागद हाती येतो. पण थंड सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होणं, एसी लावल्यावर आरपीएम न पडणं, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के न देणं, यासाठी कॉम्प्युटरमधल्या शेकडो चौकटी रस्त्यावर चालवून, सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरचे आकडे बघत भराव्या लागतात. माझ्या मते गाडी खरंच चांगली झाली की नाही हे याच भागात ठरतं, कारण मालक तिच्यासोबत सर्वांत जास्त वेळ याच आरपीएममध्ये घालवणार असतो.

मग ट्रॅक. चालक काही लॅप मारून थेट पिटमध्ये येतो, आणि गाडी थांबताच मदतनीस सुईचं थर्मामीटर टायरच्या रबरात तीन ठिकाणी टोचतो: आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य सर्वांत गरम असेल तर हवा जास्त आहे. बाहेरची कड गरम असेल तर चाकाला आतला कल कमी पडतो. आतली कड चार-पाच अंशांनी जास्त असली तर बरोबर. हे अर्ध्या मिनिटात व्हायला हवं, कारण उशीर झाला की तिन्ही आकडे एकसारखे होऊ लागतात आणि त्यातून काही कळत नाही.

एका वेळी एकच बदल, हा नियम इथे कधीच मोडू नये. हवा कमी केली, स्प्रिंगही बदलली आणि लॅप एका सेकंदाने कमी झाला, तर श्रेय कुणाचं? कदाचित हवेने दोन सेकंद मिळाले आणि स्प्रिंगने एक घालवला. वहीत तारीख, हवेचं तापमान, बदल, लॅपचा वेळ आणि चालकाला काय जाणवलं हे लिहून ठेवावं. चालकाचे शब्द तसेच्या तसे लिहावेत. "मागून सुटते" यापुढे "ब्रेक सोडताना की ॲक्सिलरेटर देताना" हे विचारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

अमेरिकेत अशा गाडीची कसून परीक्षा घेणाऱ्या स्पर्धा आहेत. १९८४मध्ये ब्रॉक येट्स यांनी सुरू केलेल्या 'वन लॅप ऑफ अमेरिका'त स्पर्धक एका ट्रॅकवर वेळ लावून त्याच गाडीने रातोरात पुढच्या ट्रॅककडे निघतात, आणि सगळ्या ट्रॅकना टायरचा एकच संच पुरवायचा असतो. ज्याच्या गाडीत एसी, शांत सायलेन्सर आणि बरी सीट आहे, तो सकाळी ताज्या डोक्याने ट्रॅकवर उतरतो.

१०. आपल्याकडे हे करता येईल का?

रस्त्यावरच्या गाडीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. दुसऱ्या जातीचं, मोठ्या ताकदीचं इंजिन टाकून गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. ट्रॅकपुरती गाडी मात्र बांधता येते. कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे तिचे मुक्काम. गाडी तिथे ट्रकवर घालून न्यायची.

तरुण वाचकांसाठी याहून चांगली वाट फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांची आहे. यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी एका चालकाची छोटी रेस गाडी स्वतः आखून, बांधून आणतात. आपल्याकडची फॉर्म्युला भारत करी स्पीडवेवर होते. आयआयटी मुंबईचा संघ विजेवरची गाडी घेऊन इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनलाही जाऊन आला आहे. या स्पर्धांत सर्वांत जास्त गुण नुसत्या वेगाला नसतात; ते असतात एन्ड्युरन्सच्या, म्हणजे टिकून राहण्याच्या शर्यतीला. अंतर सुमारे २२ किलोमीटर. अर्ध्यात चालक बदलायचा, त्यासाठी गाडी पूर्ण बंद करायची, आणि तापलेल्या अवस्थेतच ती पुन्हा सुरू करून उरलेलं अंतर कापायचं. ती सुरू झाली नाही तर आधीच्या अकरा किलोमीटरच्या वेगाचा काही उपयोग होत नाही.